गिनतीत न धरलेला महिना

फोन मिळाला तेव्हा मी सिस्टरांना पहिला प्रश्न विचारला होता, "पडला तर?"

"पडला तर उचला," सिस्टर म्हणाल्या, आणि आरोग्य केंद्राच्या त्या खोलीत बसलेल्या सगळ्या आशा सेविका हसल्या. मीही हसले, पण फोन पदरात गुंडाळूनच घरी आणला. माझं शिक्षण आठवीपर्यंत. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, पुढची शाळा नदीपलीकडे. नावेनं जाणाऱ्या मुली एकेक करून कमी झाल्या, शेवटी मी एकटी उरले आणि बाबांनी म्हटलं, आता राहू दे. अक्षर ओळखते, हिशेब येतो, पण सरकारी वस्तू हातात आली की आजही माझे तळवे ओले होतात. चुकीचं बटण दाबलं तर कुणाचं तरी नुकसान होईल असं वाटत राहतं.

लग्न होऊन मी इकडे खानदेशात आले ते असं, की इकडच्या मंडळींना जातीत मुली मिळेनात, म्हणून ती शोधत शोधत आमच्याकडे पोचली. नवरा नरडाण्याच्या एमआयडीसीत कामाला, घर तिथून जवळच्या खेड्यात. पहिल्या दिवसांत मी "का"ऐवजी "काऊन?" म्हटलं की गल्ली गोळा व्हायची. "हाई कोठली भाषा शे वं?" असं बायका एकमेकींना विचारायच्या, आणि मला त्यांचं अर्धंही कळायचं नाही. इथे सुनेला तिच्या माहेरावरून हाक मारतात. मी भंडारावाली झाले. तरी याच गावानं पुढे मला आशा म्हणून निवडलं. परकी होते, कमी शिकलेली होते, आणि कुणी हरकत घेतली नाही. त्याचं ओझं मी अजून मानते.

फोनवर गरोदर बाईची नोंद करताना शेवटच्या पाळीची तारीख लागते. तारीख कुणालाच सांगता येत नाही. बाया सांगतात, आखाजीहून, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या माहेरपणाहून, आले आणि पुढच्या आठवड्यात. किंवा, श्रावणात कानबाई बसली त्याच्या आदल्या दिवशी. मग मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून सण शोधते, सणावरून तारीख धरते आणि ती फोनमध्ये भरते. पुढचं फोन स्वतः मोजतो. कितवा आठवडा, कधी तपासणी, कधी बाळंतपण. मला सगळ्यांत बरं याच गोष्टीचं वाटायचं. मोजायची जबाबदारी माझ्यावर नव्हती.

दुसरी अडचण मोबाईल नंबरची. फोन बहुतेक घरांत एकच, आणि तो पुरुषाच्या खिशात. पुरुष कामावर, नाहीतर सुरतेला. शिवाय सिमकार्डं बदलत राहतात. गावात एकच नंबर कधी बदलला नाही, तो पिठाच्या गिरणीवाल्या नानांचा. तेव्हा बायका बिनदिक्कत सांगत, "नानाना नंबर टाक ना वं." मी टाकत गेले. त्यामुळे गरोदर बायांसाठी येणारे रेकॉर्ड केलेले फोन सत्तरीच्या नानांना येऊ लागले. गोड आवाजातली बाई सांगायची, ताई, लोहाच्या गोळ्या जेवणानंतर घ्या. नाना गिरणीच्या आवाजावर ओरडून जाहीर करायचे, "माले सहावा महिना लागना म्हणे!" डबे घेऊन रांगेत बसलेल्या बायका पोट धरून हसायच्या. पण हसता हसता ऐकायच्याही. पुढे नानांनी फोन स्पीकरवर टाकायला सुरुवात केली आणि वाजला की पट्टा थांबवायचे.

त्या वर्षी माझ्या नोंदीत एक सून होती, रावेरवाली. केळीच्या पट्ट्यातली, माहेरी भरलेलं घर, नवरा सुरतेला साडीच्या कारखान्यात. पहिलटकरीण. बोलायला चुरचुरीत. मी पहिल्यांदा तिचं वजन करायला गेले तेव्हा म्हणाली, "ताई, काटा खोटा आहे, माझ्या आईकडे गेले की बरोबर दाखवेल." तिची सासू सगळ्या गल्लीची अक्का. मोठ्या आवाजाची, पण घरात सुनेला उपाशी ठेवणारी नव्हे.

दिवाळीनंतर तिच्या पायांवर सूज दिसायला लागली. सुरुवातीला आम्ही मनावर घेतलं नाही, गरोदरपणात पाय सुजतातच. मग जोडवी घट्ट झाली, तोंडही जड दिसायला लागलं. सिस्टरांनी रक्तदाब घेतला, थोडं थांबून पुन्हा घेतला. गोळ्या दिल्या. माझ्या फोनमध्ये तिच्या नावापुढे लाल खूण आली. सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हिला दर आठवड्याला बघायचं. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर वाट बघायची नाही. बाळंतपण धुळ्याला मोठ्या दवाखान्यात. आणि लांबचा प्रवास आता नको, घरच्यांना पटवून सांगा."

पटवून सांगा, हे शब्द फार सोपे. अक्कांनी तिला माहेरी पाठवायचं ठरवून टाकलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, त्यात चर्चा करण्यासारखं काही नव्हतं. तिचा भाऊ येणार होता, नरडाण्याहून गाडीनं भुसावळ, तिथून गाडी बदलून रावेर. अक्का घाई करत होत्या त्याला कारण होतं. "सातवा सरी राह्यना. आठव्यामा पोटुशी बाई वेस वलांडत नही, आन् आठे तर तापी वलांडनी शे. आतेच जावाले पाहिजे."

मी म्हटलं, "अक्का, तिचा बीपी वाढलाय. गाडीत काही झालं तर?"

"तठे काय दवाखाना नही का? रावेर काय जंगल शे?"

खरं होतं ते. रावेरला दवाखाने आहेत, आशा आहेत. पण तिथे तिची कुणाला नीट ओळख होईपर्यंत काय, ही माझी भीती. आणि नरडाणा ते रावेर अर्धा दिवस, गर्दीत, गोळीची वेळ चुकवत. रात्री मला झोप लागेना. पोरगी तर बॅग भरून बसली होती. "ताई, आईनं माझ्यासाठी खाट नवीन विणून घेतली," असं मला सांगत होती. तिला काय बोलणार? माझं स्वतःचं पहिलं बाळंतपण इथे झालं, कारण भंडारा फार लांब पडत होतं. माझी आई बाळाला पाच महिन्यांनी भेटली. त्या दिवसांत मला किती वेळा दाराकडे बघावंसं वाटायचं ते मला ठाऊक आहे. मी तिला "जाऊ नको" म्हणायला तोंड उघडायची आणि मिटायची.

भाऊ यायच्या आधीची गोष्ट. दुपारी मी बाजरी दळायला गिरणीवर गेले होते. अक्काही होत्या. नानांचा फोन वाजला, पट्टा थांबला.

"नमस्कार ताई. तुमच्या गरोदरपणाचा आठवा महिना सुरू आहे. या काळात..."

"ल्या माय, आठवा!" नाना म्हणाले. "कोना शे हाऊ?"

"नाना, तुमनाच!" मागून कुणीतरी म्हणालं.

त्या नंबरावर तेव्हा तीनच बाया होत्या. एकीला नुकतेच दिवस गेले होते, एक बाळंत होऊन गेली होती. सगळ्यांनी अक्कांकडे बघितलं.

"मनी वहूना नही तो," अक्का म्हणाल्या. "तिना सातवा शे. ती बाई चुकनी. नाना, सांग तिले."

"अक्का, ती कोनं ऐकत नही. नुसती बोलस."

"मंग सासूच व्हई ती!" एक म्हातारी म्हणाली, आणि हशा उठला. अक्का हसल्या नाहीत. फोनकडे रोखून बघत राहिल्या. फोन बंद झाल्यावर माझ्याकडे वळल्या. "तू भरेल शे ना ते? काय भरं तू?"

वाटलं, झालं, तारीख मीच चुकीची टाकली. पीठ घ्यायचंही मी विसरले. अक्कांच्या मागोमाग त्यांच्या ओट्यावर गेले, फोन उघडला, सुनेची नोंद काढली. तारीख बरोबर होती. आखाजीला ती माहेरी गेली होती, परत आल्यावर पुढच्या आठवड्यात पाळी, ती शेवटची. अक्कांनाही ते तसंच आठवत होतं. सुरुवातीचं टोक दोघींचं एकच होतं आणि शेवट वेगळा येत होता.

"तुम्ही मोजा बरं माझ्यासमोर," मी म्हटलं.

अक्कांनी बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवला. वैशाख ते जेठ एक. जेठ ते आखाड दोन. आखाड ते श्रावण तीन. मी फोनमधलं कॅलेंडर बोटानं सरकवत होते, महिना महिना. श्रावणाशी आमचं बिनसलं. त्या वर्षी अधिक महिना पडून श्रावण दोन आले होते.

"अक्का, धोंडा राहिला."

"धोंडा काबर मोजू?" अक्का माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी पिठात दगड मोजायला सांगितलं. "धोंडामा ना लगीन, ना मुंज, ना सण. तो महिना गिनतीमा नही."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. उलट मनात आलं, ही बाई चुकत कुठे आहे? आयुष्यभर तिनं महिने याच कामासाठी वापरले, सणासाठी, पेरणीसाठी, लग्नासाठी. जो महिना कशालाच चालत नाही तो तिनं सोडून दिला. फोनला धोंडा कळत नाही, तसं तिला आठवडे कळत नाहीत. दोघांच्या मध्ये मी बसले होते आणि मला दोन्ही अर्धवट कळत होतं.

मी विचारलं, "धोंड्यात जावयाला बोलावलं होतं ना रावेरवाल्यांनी? ही पण गेली होती?"

"मंग! चांदीनं ताट दिधं जवाईले."

"तिथे जेवली का ही नीट?"

"कोठे जेये! बठ्ठं उलटी टाके. तिनी माय सांगे ना फोनवर, अनारसाना वास बी चालत नही..."

अक्का बोलता बोलता थांबल्या. अंगठा तिसऱ्या पेरावर तसाच होता. ओट्याखाली बकरी दोर ओढत होती. अक्कांनी अंगठा एका पेरानं पुढे सरकवला आणि तिथून परत मोजायला सुरुवात केली, या वेळी ओठ न हलवता.

"म्हणजे आठवा लागी गया," त्या म्हणाल्या.

"हो जी."

"मंग कशी जाई ती? आठव्यामा तापी वलांडाले मी नही धाडनार."

एवढंच. बीपी, सूज, लाल खूण, सिस्टरांचं म्हणणं, यातलं काही लागलं नाही. मी जे पंधरा दिवस पटवत होते ते त्यांच्याच नियमानं एका पेरात झालं. आमच्या ट्रेनिंगमध्ये आठव्या महिन्यात वेस ओलांडू नये असं कुणी शिकवलेलं नाही, आणि माझा त्यावर विश्वासही नाही. पण मी "तसं काही नसतं अक्का" असं म्हटलं नाही. आजही कुणी विचारलं तर मी त्या वेळी गप्पच बसेन, असं वाटतं. तरी हे लिहिताना मन थोडं घुटमळतं. पुढच्या खेपेला हाच नियम एखादीला दवाखान्यात जाण्यापासून अडवील, तेव्हा मी काय तोंडानं बोलणार?

रावेरवाली दारात उभी राहून सगळं ऐकत होती. आत गेली आणि बॅग उपडी केल्याचा आवाज आला.

त्यानंतर मी तपासायला गेले की ती हात पुढे करायची आणि भिंतीकडे बघायची. "गोळी घेतली?" गप्प. "बाळ हलतं?" मान हलवायची. एकदा म्हणाली, "तुमच्या फोनला आई आहे का ताई?" मी म्हटलं, नाही बाई. "म्हणून," ती म्हणाली.

ते मला लागलं. दुसऱ्या दिवशी मी तिच्या आईला व्हिडिओ कॉल लावला. मावशींनी फोन असा धरला होता की मला फक्त त्यांचं कपाळ आणि वरचे पत्रे दिसत होते. मी म्हटलं, "मावशी, पोरगी येऊ शकत नाही तर तुम्ही इकडे या ना."

"मी कशी येऊ व बाई? पोरीच्या घरचं पाणी कसं पिऊ? अजून नातू नाही न् पणतू नाही. लोकं काय म्हनतीन?"

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हे त्यांच्याकडे पक्कं. माझ्या तोंडातून निघून गेलं, "माझ्या घरी राहा जी. मी काही तुमची लेक नाही."

कपाळावर आठ्या पडल्या, मग गेल्या. "तुझ्या सासूला चालेल?"

मी फोन बंद केल्यावर घाबरले. घरात दोन खोल्या, नवऱ्याची कामाची पाळी बदलती, आणि न विचारता मी पाहुणी बोलावली. सासूबाईंना सांगितलं तर त्या शेंगा सोलत होत्या, सोलतच राहिल्या. "येऊ दे ना. तुले बी माय भेटी जाई थोडा दिन." मी त्यांच्याशेजारी बसून शेंगा सोलायला लागले.

मावशी आल्या, केळीचा घड आणि स्वतःचं पीठ घेऊन. सकाळी माझ्या चुलीवर लेकीसाठी शिरा करायच्या, डब्यात घालून अक्कांकडे न्यायच्या, दिवसभर तिच्यापाशी बसायच्या आणि पाणी प्यायला माझ्या घरी यायच्या. अक्का चिडवायच्या, "विहीनबाई, हवा बी मनीच शे, ती कशी चालस?" मावशी म्हणायच्या, "हवा सरकारी आहे." संध्याकाळी भाकरी थापताना त्या मला माझ्या आईबद्दल विचारायच्या. इतक्या वर्षांत तसं सविस्तर कुणी विचारलं नव्हतं.

नववा लागला तेव्हा अक्कांनी एकदा विषय काढून बघितला, आता पाठवायला हरकत नाही म्हणून. सिस्टरांनी रक्तदाब बघून नाही म्हटलं, आणि आई इथेच असल्यामुळे कुणी फार ताणलं नाही.

संक्रांतीनंतरची एक सकाळ. मी ठरल्याप्रमाणे गेले, फोनवरचे प्रश्न एकामागून एक विचारत होते. डोकं दुखतं का? उत्तर नाही. नजरेत काही फरक? उत्तर नाही. रुसवा अजून पुरता गेला नव्हता, आणि मी "नाही" असं भरून पुढे जाणारच होते, कारण तिनं काही सांगितलं नव्हतं. मावशी तिच्या केसांना तेल लावत होत्या. म्हणाल्या, "सकाळी म्हणत होती ना गं, तुळस दोन दिसते म्हणून? मी म्हटलं झोप झाली नसेल."

मी तिच्याकडे बघितलं. तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "काजवे दिसतात ताई," ती म्हणाली.

मी लगेच सिस्टरांना फोन लावला, बटण चुकलं नाही. रुग्णवाहिका आली. अक्का पुढे बसल्या, मी आणि मावशी मागे. धुळ्यापर्यंत मावशींनी तिचा हात सोडला नाही. दुपारी ऑपरेशन झालं. मुलगी झाली, हलकीशी, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. मी कोपऱ्यात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. अक्कांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून मावशींपुढे धरली. "आते तरी पे वं माय." मावशी घटाघटा प्यायल्या, निम्मं अंगावर सांडलं.

ती रावेरला गेली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न मी खूप दिवस चघळला. गाडीत काही झालं असतं का? की तिथल्या आशानंही हेच प्रश्न विचारले असते, मावशींनी तिथेही तुळशीचं सांगितलं असतं, आणि पोरीला नव्या खाटेवर झोपायला मिळालं असतं? मला माहीत नाही. फोन झालेलं सांगतो. न झालेलं त्याला विचारता येत नाही.

सव्वा महिना झाल्यावर ती बाळाला घेऊन माहेरी निघाली. नरडाण्याच्या स्टेशनावर मी पोचवायला गेले. गाडीत चढताना म्हणाली, "ताई, पुढच्या खेपेला मी तुम्हाला न सांगताच जाणार."

"जा जी. पण गोळ्या घेऊन जा."

ती हसली. मावशींनी खिडकीतून माझ्या गालाला हात लावला, आणि गाडी अमळनेरकडे निघून गेली.

तिच्या माहेरच्या आशाताईंचा नंबर मी सिस्टरांकडून घेऊन ठेवला होता, आदल्या दिवशी निरोप पाठवला होता. आम्ही एकमेकींना कधी बघितलेलं नाही. फलाट रिकामा होतोय तोच त्यांचा फोन आला. वजन, गोळ्या, टाके, सगळं त्यांनी विचारलं, मी फोनमध्ये बघून सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "ताई, पोरगी आहे कशी स्वभावानं? म्हणजे मला कसं बोलायचं ते कळेल."

ते भरायला आमच्या फोनमध्ये जागा नाही. मी बाकावर बसले आणि सांगायला लागले.